गावोगाव न्यायची मॉडेल रेल्वे: रूळ आणि पॉइंट निवडताना

परभणीहून एक प्रश्न आला आहे. एचओ स्केलची (खऱ्याच्या १:८७ मापाची) मॉडेल रेल्वे, ४ फूट बाय २ फुटांचे चार बोर्ड, लांबीला दोन आणि रुंदीला दोन असे जोडलेले. वर पूर्णा जंक्शनची आठवण देणारं स्टेशन, नऊ पॉइंट (एका रुळातून दुसरा फुटतो ते सांधे), आणि जुन्या सेटमधले पितळी रूळ. हे सगळं पिकअपमध्ये टाकून शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आणि गणपतीत मंडळाच्या मांडवात नेतात. घरी गाडी नीट फिरते. एक-दोन प्रवास झाले की बोर्डांच्या जोडावर आणि पॉइंटवर डबे उतरायला लागतात आणि इंजिन मध्येच थबकतं. आता सगळे रूळ काढून काटोचं युनिट्रॅक टाकावं की पेकोचे फ्लेक्स (हवे तसे वाकवता येणारे) रूळ आणि पॉइंट, कोड १०० घ्यावा की ८३, असं विचारलं आहे.

कंपनी ठरवण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. दर वेळी तुम्ही काय सुटं करता, रूळ की बोर्ड? आणि बोर्डांचा जोड रुळाला नेमका कुठे छेदतो? एका जागी मांडलेल्या रेल्वेत कुठलाही बरा रूळ वर्षानुवर्षं चालतो. हलत्या रेल्वेत मात्र बिघाड जवळजवळ नेहमी जोडावर किंवा पॉइंटवर होतो. म्हणून रूळ निवडायचा तो जोडावर घट्ट पकडता येईल असा, आणि जास्तीचा पैसा पॉइंटवर घालायचा.

रूळ सुटे करून पेटीत भरायचे आणि शाळेच्या हॉलमध्ये टेबलांवर किंवा सतरंजीवर पुन्हा मांडायचे असतील, तर युनिट्रॅक घ्या. त्याला प्लास्टिकचा खडीचा पाया जोडलेलाच येतो, टोकाचा युनिजॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणारा तुकडा, यांत्रिक पकड आणि वीज दोन्ही सांभाळतो, आणि सैल झाला की तेवढाच काढून नवा बसवता येतो. सोडवताना रूळ सरळ रेषेत ओढायचा. डावी-उजवीकडे वाकवून सोडवला की आतली धातूची पट्टी फाकते. गाडी त्यावरून जाते, पण वीज कधी पोचते, कधी नाही. जॉइनर जास्तीचे मागवून ठेवा. पाया असलेले स्वस्त रूळ घेणार असाल तर रूळ कुठल्या धातूचा आहे ते आधी बघा. बाकमनच्या ई-झी ट्रॅकमध्ये काळ्या पायावर पोलादी रूळ येतो आणि करड्या पायावर निकेल सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू). पोलादी रूळ पावसाळ्यात गंजतो, तो घेऊ नका.

तुमचं तसं नाही. तुमचे रूळ बोर्डावर कायम बसलेले आहेत आणि सुटे होतात ते बोर्ड. अशा ठिकाणी पायावाल्या रुळाची सोय वाया जाते, आणि त्याचं टोक बोर्डाच्या कडेला पक्कं धरणंही अवघड होतं. तुम्ही पेकोचे कोड १०० चे निकेल सिल्व्हर फ्लेक्स रूळ घ्या. पितळी रूळ वापरू नका. पितळेवर काळपट थर लवकर चढतो आणि तो वीज अडवतो. दर प्रदर्शनाआधी घासत बसावं लागतं.

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० चा रूळ २.५४ मिमी उंच, कोड ८३ चा २.१ मिमी. आपल्याकडचा ६० किलोचा खरा रूळ १७२ मिमी उंच असतो, म्हणजे १:८७ मध्ये साधारण २ मिमी. दिसायला कोड ८३ च खऱ्याच्या जवळ, हे मान्य. तरी हलत्या रेल्वेला मी कोड १०० च सुचवतो. उंच रूळ दणकट असतो, त्याला सोल्डर करायला जागा मिळते, आणि जुन्या डब्यांच्या खोल कडांची चाकं स्लीपरच्या खिळ्यांवर घासत नाहीत. रुळाच्या बाजूला गंजाचा तपकिरी रंग हाताने लावला की जाडी फारशी डोळ्यात भरत नाही.

रूळ टाकण्याआधी मात्र बोर्डांची मांडणी बदला. सध्या दोन-दोनच्या दोन रांगा आहेत, म्हणून मधला लांब जोड दोन्ही टोकांना ऐन वळणावर रुळाला छेदतो. वळणावर कापलेल्या रुळाची टोकं सरळ व्हायला बघतात आणि तिथे कोपरा तयार होतो. तुमचे डबे तिथेच उतरत असणार. तेच चार बोर्ड आडवे लावा, म्हणजे प्रत्येकाची ४ फुटांची बाजू समोरून मागे जाणारी. एकूण माप तेच राहतं, ८ फूट बाय ४ फूट. पण आता तिन्ही जोड उभे येतात आणि अख्खं अर्धवर्तुळ टोकाच्या एकाच बोर्डावर मावतं. बोर्ड ६१० मिमी रुंद आहे. वळणाची त्रिज्या ५०५ मिमी आणि काठापासून रुळाच्या मध्यापर्यंत ४५ मिमी धरले तर वळण ५५० मिमीवर संपतं आणि जोडाआधी ६० मिमी सरळ रूळ मिळतो. मग प्रत्येक जोड सरळ रुळाला काटकोनात छेदतो. छेद चाराऐवजी सहा होतात, पण सरळ रुळावरचे सहा छेद वळणावरच्या दोनांपेक्षा बरे. काठ जवळ आहे, म्हणून टोकाच्या बोर्डांना रुळाच्या वर ५० मिमी उंच ॲक्रिलिकची किंवा प्लायची पट्टी लावा. मुलं खेटून उभी राहतात, आणि पडलेलं इंजिन सहसा दुरुस्त होत नाही.

आता जोड. दोन बोर्ड दर वेळी तंतोतंत त्याच जागी यायला हवेत, आणि हे काम बोल्टचं नाही. बोल्ट फक्त आवळतो. जागा धरायची ती पिन आणि बुशने (बुश म्हणजे पिन आत घट्ट बसते ती धातूची नळी). छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याकडे डाय-मोल्डची कामं चालतात. तिथे लागणाऱ्या ८ मिमीच्या कडक डॉवेल पिना आणि त्यांना बसणारे बुश हार्डवेअरवाल्याकडे सांगून मागवता येतात, नाहीतर लेथवर करून घ्या. प्रत्येक जोडाला दोन पिना, एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या, किमान ९०० मिमी. दोन्ही बोर्डांच्या कडेच्या पट्ट्या क्लॅम्पने एकत्र धरून भोक एकदमच पाडा. वेगवेगळी पाडली तर अर्धा मिमी इकडेतिकडे होणारच, आणि रुळाला तेवढंही चालत नाही. आवळायला दोन एम ८ बोल्ट, मोठे वॉशर आणि विंगनट, पण बोल्टचं भोक १० मिमीचं ठेवा, म्हणजे बोल्ट पिनेशी भांडणार नाही. वरचा तक्ता ९ मिमी प्लाय आणि खालची चौकट १२ मिमी प्लायच्या १०० मिमी उंच पट्ट्यांची केली तर बोर्ड दोघांना सहज उचलतो. उघडं लाकूड, विशेषतः कापलेल्या कडा, सगळीकडून रंगवून बंद करा. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओल यात प्लाय चांगलंच हलतं.

रुळाची टोकं धरायला ताम्रपट लावलेली १.६ मिमीची ग्लास-इपॉक्सी पट्टी वापरा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे कॉपर क्लॅड म्हणून मिळते. जोडाच्या दोन्ही बाजूंना ३० बाय ६० मिमीचे तुकडे अरल्डाइटने चिकटवा आणि वर दोन बारीक स्क्रू मारा. त्याआधी मधोमध तांबं कानशीने खरवडून दोन भाग वेगळे करा, नाहीतर दोन्ही रूळ पट्टीतून शॉर्ट होतील. स्क्रूनेही दोन भाग जोडले जाऊ नयेत, मल्टिमीटर लावून खात्री करा. फ्लेक्स रुळाचे त्या जागेवरचे तीन-चार स्लीपर काढून टाका. पट्टी स्लीपरपेक्षा पातळ पडते, म्हणून खाली कार्डाचा कागद घालून उंची बरोबर करा. रूळ पट्टीवर नुसता टेकायला हवा. दाबून सोल्डर केलेला रूळ पुढे कधीतरी उखडतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोर्ड पिनांवर बसवून आवळा. मग रूळ जोडावरून अखंड टाका, दोन्ही पट्ट्यांवर सोल्डर करा, आणि शेवटी सोनाराच्या बारीक करवतीने जोडावर कापा. सोल्डरिंग आयर्न ५० ते ६० वॉटचं घ्या. २५ वॉटच्या आयर्नने रूळ तापेपर्यंत बाजूचे स्लीपर वितळतात. फ्लक्स रोझिनचा वापरा. ॲसिडचा फ्लक्स पावसाळ्यात हिरवा होऊन तांबं खातो. कापल्यावर रुळाच्या आतल्या बाजूची वरची कड बारीक कानशीने किंचित गोल करा. प्रवासात या टोकांवर प्लायची झाकणपट्टी बोल्टने लावा, कारण गाडीत चढवताना आपटतं ते हेच टोक.

उष्णतेचा हिशोब इथे येतो. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ ३० अंश फरकाला साधारण अर्धा मिमी लांबतो. डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यात आपल्याकडे तेवढा फरक सहज पडतो, बंद गाडीत त्याहून जास्त. रुळाची दोन्ही टोकं पट्टीवर सोल्डरने बांधली की लांबायला जागा उरत नाही आणि तो मधे बाक घेतो. म्हणून प्रत्येक बोर्डावर, साधारण मधोमध, दोन्ही रुळांत अर्ध्या मिमीची फट ठेवून साधा जॉइनर घाला, आणि तो सोल्डर करू नका. फटीच्या दोन्ही बाजूंच्या रुळांना स्वतंत्र वायर द्या. वीज जॉइनरवर कधीच सोडायची नाही, हलत्या रेल्वेत तर नाहीच. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिमीची आखूड वायर, आणि ती खालच्या १ चौरस मिमीच्या मुख्य वायरला. बोर्डाकडून बोर्डाकडे वीज न्यायला उलटा बसणार नाही असा कनेक्टर लावा. जीएक्स १६ चा चार पिनांचा स्क्रूवाला कनेक्टर धक्क्याने निघत नाही.

पॉइंटकडे आता येऊ. पेकोच्या कोड १०० स्ट्रीमलाइन मालिकेत तीन मुख्य मापं आहेत: लहान ६१० मिमी त्रिज्येचा, मध्यम ९१४ चा आणि मोठा १५२४ चा. तिघांचा फाटण्याचा कोन १२ अंशच आहे, त्यामुळे ते एकमेकांशी जुळतात. लांबी अनुक्रमे १८५, २१९ आणि २५८ मिमी. मोठा आणि मध्यम यांच्या लांबीत चार सेंटिमीटरचाच फरक आहे, पण ६१० मिमीच्या बोर्डावर तोही जाणवतो. तुम्ही मुख्य मार्गावर मध्यम घ्या. कारण डब्यात आहे. आयसीएफचा (जुन्या बनावटीचा) प्रवासी डबा १:८७ मध्ये २४५ मिमी लांब, एलएचबीचा (नव्या बनावटीचा) २७० मिमी. असा डबा लहान पॉइंटवरून मागे ढकलला की शेजारच्या डब्याची कपलिंग त्याला बाजूला रेटते आणि चाक जिभेवर, म्हणजे पॉइंटच्या हलत्या टोकदार रुळावर, चढतं. लहान पॉइंट फक्त मालधक्क्याकडे, चार चाकी वाघिणींसाठी ठेवा. सेटबरोबर येणारे ४३८ मिमी त्रिज्येचे पॉइंट मुख्य मार्गावर नकोतच. कोणी युनिट्रॅकच घेणार असेल तर त्यातही हाच विचार: नंबर ४ पेक्षा नंबर ६ चा पॉइंट कमी कोनात फाटतो, जागा असेल तर तोच घ्यावा.

फ्रॉग, म्हणजे दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात ते टोक, प्लास्टिकचा असेल तर त्यावर वीज नसते. मोठं इंजिन पुढच्या-मागच्या चाकांवर वीज घेत निघून जातं, छोटं शंटिंगचं इंजिन तिथे अडकतं. घरी ते वेगात निभावतं, प्रदर्शनात कोणीतरी हळू चालवलं की थांबतं. तुमचं इंजिन थबकतं त्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण असं: वीज पॉइंटच्या हलत्या जिभेच्या नुसत्या स्पर्शाने पुढे जाते, आणि काळ्या मातीची बारीक धूळ त्या फटीत बसते. दोन्हींवर उपाय एकच. धातूचा फ्रॉग असलेला पॉइंट घ्या, पेकोचा इलेक्ट्रोफ्रॉग किंवा युनिफ्रॉग, आणि फ्रॉगला स्वतंत्र वायर देऊन स्विचने ध्रुव बदला. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉगपुढच्या आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर घालायला विसरू नका. युनिफ्रॉगचा फ्रॉग आधीच वेगळा केलेला असतो. गाडी फ्रॉगवर पोचताच शॉर्ट झाला तर बहुतेक वेळा स्विचच्या दोन बाजूंच्या वायरी उलट लागलेल्या असतात, त्या अदलाबदल करा.

पॉइंट हलवायला मोटर हवीच असं नाही, आणि फिरत्या रेल्वेला मी ती टाळायलाच सांगेन. सोलेनॉइडची मोटर एकदम मोठा करंट ओढते आणि दणका देते. बोर्डाखाली लोंबणारी मोठी मोटर चढ-उतार करताना आपटते. साधा डीपीडीटी (एका दांड्याने दोन सर्किटं बदलणारा) स्लाइड स्विच घ्या, जो इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात काही रुपयांना मिळतो. बोर्डाच्या कडेपासून सायकलच्या २ मिमी जाड स्पोकची कांडी स्विचच्या दांड्यातून नेऊन पॉइंटच्या सरकपट्टीला (जिभा हलवणाऱ्या पट्टीला) जोडा. कांडीच्या मधे बारीक तारेचा ओमेगासारखा वळसा ठेवा, स्विचची चाल पॉइंटपेक्षा जास्त असते ती तो खाऊन टाकतो. स्विचचा एक भाग फ्रॉगचा ध्रुव बदलतो, दुसरा सिग्नलच्या दिव्याला मिळतो. पेकोच्या पॉइंटमध्ये जीभ दाबून धरणारी स्प्रिंग असतेच, ती काढू नका.

पॉइंट बोर्डावर कुठे बसवायचा, याचा माझा नियम सरळ आहे: जोडापासून १५ सेंटिमीटरच्या आत पॉइंट नाही. मध्यम पॉइंट २१९ मिमी आणि दोन्ही बाजूंना १५० मिमी धरले तर ५१९ मिमी होतात, म्हणजे एका बोर्डावर एका रुळाच्या वाटेत एकच पॉइंट मावतो. यावरून नऊ पॉइंटचं उत्तरही निघतं. चार करा, तेही फक्त मधल्या दोन बोर्डांवर. स्टेशनची लूप (मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारा रूळ) पुढच्या सरळ भागातच बसवायला गेलात तर ती एका डब्यापुरती उरते. ती टोकाच्या वळणाभोवती फिरवा: एक पॉइंट तिसऱ्या बोर्डाच्या पुढच्या बाजूला, दुसरा त्याच बोर्डाच्या मागच्या बाजूला, आणि लूप दुसऱ्या व पहिल्या बोर्डावरून आतल्या बाजूने मुख्य रुळाबरोबर वळते. तिथे इंजिन आणि पाच-सहा डब्यांची गाडी आरामात उभी राहते. उरलेले दोन पॉइंट मालधक्क्याला. लूपमुळे छेद सहाचे दहा होतात, पण सगळे सरळ रुळावर.

एक माप इथे चुकतं. सरळ भागात पेकोच्या दोन रुळांतलं अंतर ५१ मिमी असतं. तेच वळणावर ठेवलंत तर एलएचबीचे डबे एकमेकांना घासतील, कारण लांब डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. ५०० मिमीच्या आसपासच्या वळणावर हे अंतर ६० ते ६५ मिमी करा, म्हणजे लूपची त्रिज्या ४४० ते ४४५ मिमी.

पॉइंट फळीला चिकटवू नका. खाली ३ मिमी कॉर्क, कडेच्या स्लीपरांना दोन-तीन बारीक खिळे, बस. खडी घालताना पातळ केलेला फेविकॉल जिभेच्या आणि सरकपट्टीच्या आसपास जाऊ देऊ नका. पॉइंटच्या तीनही टोकांचे जॉइनर मागे सरकवता येतील असे ठेवा, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या रात्री एखादा बिघडला तर पाच मिनिटांत उचलून दुसरा बसवता येतो. हे रूळ आणि पॉइंट बहुतेक वेळा बाहेरून मागवावे लागतात आणि यायला वेळ लागतो. म्हणून डाव्या आणि उजव्या हाताचा एकेक पॉइंट जास्तीचा घ्या.

बसवण्याआधी प्रत्येक पॉइंट हातात तपासा. पोलादी पट्टी फ्रॉगवर आडवी ठेवा. ती डुगडुगली तर फ्रॉग वर आला आहे, कानशीने हळूहळू समान करा. जिभेचं टोक नखाला लागत असेल तर तेही घासा. चाक फ्रॉगच्या टोकावर आपटत असेल तर समोरच्या चेकरेलला (बाहेरच्या रुळालगतच्या छोट्या रुळाला) त्या रुळाकडच्या बाजूने पाव मिमी जाडीची प्लास्टिकची पट्टी चिकटवा. मग सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात हलका डबा जोडून, दोन्ही मार्गांवरून, मागून ढकलत न्या. ओढताना निघून जाणारा दोष ढकलताना उघडा पडतो.

आणि हे सगळं मागवण्याआधी एक संध्याकाळ डब्यांना द्या. व्हर्नियरने प्रत्येक जोडीच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजा. एचओला ते साधारण १४.४ ते १४.५ मिमी हवं. जुन्या सेटच्या डब्यांत ते कमी भरतं, आणि तसं चाक कितीही चांगल्या पॉइंटवर चढतंच. दहा डब्यांपैकी तेच दोन-तीन डबे दर वेळी उतरत असतील तर दोष रुळात शोधू नका. प्लास्टिकची चाकं बदलून धातूची घाला. प्लास्टिकची चाकं रुळावर मळ पसरवतात. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं. पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत धूळ जास्त बसते.

लातूर, धाराशिवकडच्या वाचकांसाठी एवढंच आणखी. कुर्डुवाडी–लातूरची जुनी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमी गेजची होती. १:८७ मध्ये ते ८.८ मिमी येतं, म्हणजे एन गेजच्या ९ मिमी रुळाच्या अगदी जवळ. ती दाखवायची असेल तर एचओ मापाचे डबे एनच्या रुळावर चालवता येतात, त्रिज्या लहान चालते आणि दोन बोर्डांत सगळं मावतं. जोड, पट्टी आणि पॉइंटच्या वायरिंगची कृती मात्र वरचीच.

परभणीकरांनी खरेदी या क्रमाने करावी: आधी व्हर्नियर आणि धातूची चाकं, मग पिना-बुश आणि प्लाय, मग दोन मध्यम पॉइंट आणि चार फ्लेक्स रूळ. तेवढ्यात दोन बोर्ड आणि एक जोड पूर्ण करा, पिकअपमध्ये टाकून पूर्णेपर्यंत नेऊन आणा आणि पुन्हा जोडून बघा. डबे ढकलत जोडावरून गेले की उरलेले रूळ आणि पॉइंट मागवा.